आधी गप्पा, मग बाकीचं

गावातल्या आजोबांना टेकायला पार आहे. आजीनं दुपारी कुठं बसायचं?

म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा हवी, हे अमेरिकेत १९४३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कुणाच्या तरी ध्यानात आलं. सरकारी मदतीवर जगणारी वयस्कर माणसं काहीबाही निमित्त काढून कल्याण खात्याच्या कार्यालयात पुन्हा पुन्हा यायची. कर्मचाऱ्यांनी ओळखलं, यांना पैशाइतकीच बोलायला माणसं हवी आहेत. मग खात्यानं जागा दिली, टेबल-खुर्च्या, खेळ, चहापाणी ठेवलं. हेच विल्यम हॉडसन केंद्र. तिथल्या ज्येष्ठांच्या केंद्रांची सुरुवात यापासूनच मानतात. १९६५ मध्ये ज्येष्ठांसाठी कायदा झाला, १९७२ मध्ये त्यात एकत्र जेवणाची सोय आली. पुढं अशा केंद्रांतून व्यायाम, तब्येतीची तपासणी, कागदपत्रांसाठी मदतही मिळू लागली. पण पहिली होती ती बसायची जागा.

आपल्याकडे शहरांत विरंगुळा केंद्रं आहेत. आमच्या गटाच्या खोलीला मात्र बैठक सोडली तर महिनाभर कुलूप असतं. आम्ही ठरवलंय, दर मंगळवारी दुपारी ती आज्यांसाठी उघडायची. सतरंजी आणि पाण्याचा माठ, एवढ्यावर सुरुवात होते. तुमच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे?