कुत्र्यांतील क्षयरोग

कुत्र्यांतील क्षयरोग हा मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलॉसिस किंवा मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या जंतूंमुळे होणारा, सावकाश बळावणारा सांसर्गिक रोग आहे. यांपैकी पहिला, रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये ज्याचा शोध जाहीर केला तो, मुख्यतः माणसाचा जंतू असून दुसरा गुरांचा आहे. कुत्रा या दोहोंचाही कायमचा आश्रयदाता नाही, म्हणजे बाहेरून संसर्ग आल्याशिवाय हा रोग सहसा कुत्र्यांत टिकून राहत नाही. म्हणून कुत्र्याला क्षय झाल्यास तो कोणाकडून आला हे आधी शोधावे लागते, आणि माणसाचा जंतू सापडला तर त्याचे मूळ बहुधा त्याच घरातील खोकणाऱ्या, निदान न झालेल्या रुग्णात आढळते. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात असल्याने माणसाकडून कुत्र्याकडे होणारा हा उलटा प्रवास येथे अधिक गांभीर्याने पाहिला जावा. बोव्हिस मात्र बाधित गुरांचे न उकळलेले दूध व कच्चे मांस यांतून शिरतो. इंग्लंडमधील बकिंगहॅमशर परगण्यात २०१६-१७ मध्ये शिकारी कुत्र्यांच्या एका कळपात त्याची साथ उद्भवली, तेव्हा कच्च्या मांसाच्या खाद्याकडेच संशयाची सुई वळली.

खोकला, धाप, रेंगाळणारा ताप, वजन घटणे व लसीका ग्रंथी सुजणे ही लक्षणे असून छातीच्या पोकळीत पिवळसर द्रव साचू शकतो. माणसात वापरली जाणारी ट्यूबरक्युलिन त्वचाचाचणी कुत्र्यांत भरवशाची नाही. निदान पक्के होते ते जंतूंचे संवर्धन करून, म्हणजे प्रयोगशाळेत ते वाढवून, किंवा जनुकीय तपासणीने, पण संवर्धनाला कित्येक आठवडे लागतात.

कुत्र्याकडून माणसाला क्षय झाल्याच्या नोंदी अतिशय विरळ आहेत. तरीही फुप्फुसे बाधित असलेला किंवा वाहत्या जखमांचा कुत्रा जंतू बाहेर टाकू शकतो, आणि लहान मुले, एचआयव्हीबाधित व्यक्ती, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारे रुग्ण यांच्या बाबतीत हा धोका क्षुल्लक मानता येत नाही. उपचारासाठी आयसोनायझिड, रिफाम्पिसिन ही माणसांचीच औषधे अनेक महिने एकत्रितपणे द्यावी लागतात व ती अर्धवट सोडल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात. या कारणाने अनेक पशुवैद्य दयामरणाचा सल्ला देतात. कुत्र्याला रस्त्यावर सोडून देणे हा मात्र सर्वांत घातक मार्ग होय, कारण त्याने संसर्ग नजरेआड होतो आणि घरातील मूळ रुग्ण तपासणीविना राहतो. घरात क्षयरुग्ण असल्यास त्याची थुंकी जंतुमुक्त होईपर्यंत कुत्र्याला त्याच्या खोलीत झोपू देऊ नये व थुंकी झाकणाच्या भांड्यातच टाकावी.