चौकोनांची भिंत आणि दोन देह

स्त्रीदेह आणि पुरुषदेह यांची तुलना करायची, तर दोघांना एकच मोजपट्टी लावायला हवी. १८८४ ते १८८६ या काळात फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आश्रयाने छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज याने अशी मोजपट्टी उभी केली. काळी भिंत, तिच्यावर पांढऱ्या दोऱ्यांचे चौकोन, समोर ओळीने मांडलेले कॅमेरे आणि मध्ये चालणारी, धावणारी, बहुधा विवस्त्र माणसे. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅनिमल लोकोमोशन’ या ग्रंथात असे ७८१ फलक आहेत. चौकोनांची युक्ती मात्र जुनीच. १८६९ मध्ये लंडनच्या जॉन लँप्रे याने मानववंशशास्त्रासाठी रेशमी दोऱ्यांची अशीच जाळी सुचवली होती; तिथे तुलना वंशावंशांची होती. म्हणजे ही भिंत मुळातच निरागस नव्हती.

आपण साहित्याची माणसे. म्हणून चित्रांआधी या फलकांची शीर्षकेच वाचून पाहावीत. चालणे, धावणे, जिना चढणे या क्रिया दोघांच्याही वाट्याला आल्या आहेत. पण पुढे वाटा फुटतात. पुरुष मुष्टियुद्ध करतो, कुस्ती खेळतो, ऐरणीवर घण घालतो, विटा रचतो. स्त्री चहाचा पेला आणून देते, पंखा हलवत चालते, अंथरुणात शिरते, एकमेकींच्या अंगावर पाणी ओतते. एका फलकावर तर ती दचकून वळते आणि पळून जाते. कोणाला पाहून दचकली? चौकटीत दुसरे कोणीच नाही. पुरुषाच्या क्रियेला क्रियापद पुरते. स्त्रीच्या क्रियेला मात्र एखादी छोटी कथा जोडावी लागते. लिंडा विल्यम्स या चित्रपट-अभ्यासक विदुषीने स्त्रीदेहाभोवतीच्या या जादा कथनाकडे फार पूर्वीच लक्ष वेधले आहे. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते, की तुलनेचा निष्कर्ष कॅमेऱ्याची झडप उघडण्यापूर्वीच, कामे वाटून देताना, ठरून गेला होता. जिने ऐरण कधी हाताळलीच नाही, तिचा दंड चौकोनांत मोजून काय हाती लागणार?

बरे, मोजमाप तरी काटेकोर होते का? मार्ता ब्राउन यांनी मूळ छपाया तपासून दाखवले, की कितीतरी फलकांवरील क्रम सलग नाहीत. कुठे चित्रे गाळली आहेत, कुठे मागेपुढे केली आहेत. एकसंधतेचा आभास संपादनाने साधलेला आहे.

त्याच शहरात १८८६ साली घडलेला एक प्रसंग या संदर्भात आठवतो. या प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या समितीत चित्रकार टॉमस इकिन्स होता. कला अकादमीच्या वर्गात, विद्यार्थिनींच्या देखत, त्याने पुरुष नमुन्याचे कटिवस्त्र दूर केले आणि त्याला अध्यापकपद सोडावे लागले. विद्यापीठाच्या छायाचित्रांतील विवस्त्र देहांना विज्ञानाचे अभय होते. वर्गातल्या पुरुषदेहाला, पाहणाऱ्या स्त्रिया आहेत म्हटल्यावर, ते मिळाले नाही.

आणि हो, त्या भिंतीपुढे मायब्रिज स्वतःही विवस्त्र चालला आहे. पन्नाशी उलटलेली, पांढरी दाढी. यादीत त्याची नोंद आहे ‘माजी खेळाडू’ अशी.