करटक-दमनक आणि दिल्लीची वारी

पवनेकांठीं पिंपळे गुरवांत बसून पुण्यांतच घडलेल्या बोलपटाविषयीं कठोर लिहिणें आम्हांस जड जातें. तरी तें प्राप्त आहे. पुण्याच्या ‘क्रेयॉन पिक्चर्स’नें निर्मिलेला, निखिल अडवाणी दिग्दर्शित ‘दिल्ली सफारी’ हा ॲनिमेशनचा बोलपट २०१२ सालीं निघाला. त्यास राष्ट्रीय पारितोषिकही मिळालें. मुंबईच्या अरण्यांत इमारती बांधणारे शिरतात, बिबळ्याच्या पिलाचा बाप मारला जातो, आणि मनुष्यवाणी जाणणाऱ्या पोपटास घेऊन जनावरें दिल्लीस गाऱ्हाणें नेतात. आरंभ खरोखर चटका लावणारा आहे. पुढें मात्र गाणीं व कोट्या यांचीच गर्दी.

आमच्या परंपरेंत जनावर बोलतें तें अर्ज करण्यासाठीं नव्हे. पंचतंत्रांत करटक व दमनक हे कोल्हे राजनीति बोलतात आणि अमरशक्ति राजाचे तीन मूढ पुत्र ती ऐकून शहाणे होतात. आठव्या शतकांत इब्न अल्-मुकफ्फानें या कथा पहलवींतून अरबींत नेल्या, तेव्हां ग्रंथास नांवही त्या दोन कोल्ह्यांचेंच मिळालें! तेथें जनावर गुरु होतें. येथें तें दुभाष्याच्या शोधांतला पक्षकार झालें. बाप गमावलेलें पिलूं माणसास कांहीं शिकवूं शकेल, ही शंकाही या बोलपटास शिवलेली नाहीं.