मृदंगाची कणीक

कोजागरी उलटली की आमच्या केनवडला पहाटे काकड्याचे टाळ वाजू लागतात. सोयाबीन घरी आलेले असते, तूर फुलावर येऊ लागलेली असते आणि हवेत गारठ्याची पहिली चुणूक जाणवते. अशा वेळी अंथरुणात पडल्यापडल्या तो नाद ऐकण्यासारखे सुख नाही. पण गेली कित्येक वर्षे त्या सुखात मला एक काटा सलत आला आहे. यंदा संपादकांनी लेख मागितला, तेव्हा ठरवले की त्या काट्याविषयीच लिहावे. मी पेशाने मास्तर. मॅट्रिकपुढे विद्येची पायरी चढलो नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या, म्हणून लोक लेखक म्हणतात. इतिहास हा काही माझा प्रांत नव्हे. परंतु ज्या इतिहासाचा एक लाजिरवाणा अध्याय आपल्या डोळ्यांदेखत घडला, तो सांगण्याचा अधिकार मास्तरालाही असावा.

शहरातल्या वाचकांसाठी आधी एक बारीकशी माहिती सांगतो. मृदंगाच्या उजव्या पुडीवर काळी शाई असते. डाव्या पुडीला, म्हणजे धुमेला, ओली कणीक लावावी लागते. ती लावल्याखेरीज धुमेतून तो घुमारदार आवाज निघत नाही. भजन आटोपले की कणीक खरवडून काढायची आणि दुसऱ्या दिवशी नवी लावायची. ही कणीक आळीतल्याच कुणाच्या तरी घरून येते. वाटीत कणकेचा गोळा येतो, भजन संपल्यावर रिकामी वाटी परत जाते. एवढासा हा व्यवहार. त्याची नोंद कोण ठेवणार?

१९९९ सालची गोष्ट. मी तेव्हा विशीत होतो. आमच्या पंचक्रोशीतल्या एका वाडीत (नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल) मी भजनाला जात असे. तिथे मृदंग वाजवणारा गडी माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा होता. आम्ही त्याला भाऊ म्हणत असू. मुंबईला चार-पाच वर्षे काम करून तो परत आला होता. हात असा होता की म्हाताऱ्या टाळकऱ्यांनीही मान डोलवावी. परत आला तेव्हा तो जरा वाळला होता. मग ताप येऊ लागला, खोकला जडला आणि तालुक्याच्या गावाहून कसलासा कागद आला. कागदात काय आहे हे त्याने कुणाला सांगितले नाही. पण आठ दिवसांत सगळ्या वाडीला ते ठाऊक झाले.

त्याला कुणी 'येऊ नको' म्हटले नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. आम्ही फक्त सरकलो. माझी बसण्याची जागा त्याच्या डाव्या हाताला असे. पहिल्या दिवशी मी वीतभर सरकलो, दुसऱ्या दिवशी हातभर. त्या महिन्यात कणीक माझ्या मावशीच्या घरून जात होती. एका रात्री मी रिकामी वाटी घेऊन आलो, तर मावशी दारातच म्हणाली, "राहू दे रे बाप्पा ते वाटी तिकडंच." मी वाटी परत नेऊन देवळाच्या कोनाड्यात ठेवली. भाऊ पाहत होता. दुसऱ्या दिवसापासून तो आपल्या घरूनच कणीक आणू लागला. पुढे तर यायचाच थांबला. २००१ च्या पावसाळ्यात तो वारला. वारकऱ्याच्या तिरडीपुढे टाळ-मृदंग चालतो, ही आमच्याकडची रीत. त्याच्यापुढे तो चालला नाही. आम्ही गेलो, पण मुक्याने गेलो.

हे आम्हालाच का सुचले? मन म्हणते, आम्ही अडाणी होतो. पण इतिहास वाचू लागलो तेव्हा दिसले की व्याधिग्रस्ताला दूर सारण्याची आपली सवय फार जुनी आहे. एचआयव्हीच्या आधी तिचा मारा महारोग्याने सोसला. १८९८ च्या इंग्रजी कायद्याप्रमाणे रस्त्यावर भीक मागणाऱ्या महारोग्याला पकडून आश्रमात डांबता येत असे. तो कायदा पुस्तकातून निघाला २०१६ साली. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावरून काडीमोड मिळण्याची तरतूद २०१९ पर्यंत आपल्या विवाह-कायद्यांत होती. खात्रीचा औषधोपचार मात्र १९८२ पासूनच सर्वत्र रूढ होऊ लागला होता. म्हणजे औषध आधी आले आणि कायद्याला जाग यायला आणखी जवळजवळ चार दशके लागली. माणसांच्या मनाचा हिशेब तर वेगळाच.

आणि गाणे? महारोगी तेव्हाही गात होता. पंढरपूरच्या वाळवंटात, नाशिकच्या घाटावर फडके पसरून तो अभंग म्हणे. आपण पैसा टाकत असू, तोही वरून, हात लागणार नाही असा. गाणे तेच, देवही तोच. पण गाणारा खाली आणि ऐकणारा उभा, हे अंतर त्या गाण्याने तुटत नव्हते.

ते तोडण्याची खटपट आमच्या वऱ्हाडात ज्यांनी केली, त्यांत पहिले नाव गाडगेबाबांचे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हाती घेई आणि रात्री कीर्तनाला उभा राही. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरेच. बुवा विचारणार, समाज उत्तर देणार आणि उत्तर देता देता आपणच आपल्या तोंडाने आपली चूक कबूल करणार. आंधळे, पांगळे, महारोगी यांच्या पंगती त्यांनी तीर्थक्षेत्री उठवल्या. त्याच अमरावतीला १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी महारोग्यांसाठी तपोवन उभारले. पुढे वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले. १९५१ साली सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर.

आमट्यांची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. वरोऱ्याची गटारे साफ करताना त्यांना पावसात पडलेला एक मरणोन्मुख महारोगी दिसला, तुळशीराम त्याचे नाव. आणि हा निर्भय म्हणून गाजलेला माणूस त्याला पाहून पळाला! थोड्या वेळाने स्वतःची लाज वाटून परत आला आणि मग त्याची सेवा केली. आपण पळालो, हे त्यांनी आयुष्यभर लपवले नाही. मीही पळालो होतो. फरक इतकाच की ते परत आले.

आनंदवनात गाणे लवकरच आले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचे त्या जागेशी नाते जडले. मित्रमेळाव्याच्या निमित्ताने नामवंत कलावंत तिथे जाऊ लागले आणि ज्यांच्या शेजारी कुणी बसत नसे अशा श्रोत्यांपुढे आपली कला मांडू लागले. पण खरी क्रांती त्यानंतरची. डॉ. विकास आमट्यांच्या पुढाकाराने 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद निघाला. त्यात कुष्ठरोगातून उठलेले, अंध, मूकबधिर, अपंग असे कलावंत आले आणि महाराष्ट्रभर त्यांचे प्रयोग होऊ लागले. घाटावरचे फडके गुंडाळले गेले. आता गाणारा वर होता आणि ऐकणारा खाली, खुर्चीत, पैसे मोजून. त्या दोन गाण्यांमध्ये सुरांचा फरक नसेल, जागेचा फार मोठा आहे.

आता एचआयव्हीकडे येऊ. आपल्या देशात हा विषाणू १९८६ साली प्रथम मद्रासला आढळला आणि थोड्याच काळात मुंबईतही. औषध नव्हते. तेव्हा सरकारपाशी प्रचार एवढेच शस्त्र होते, आणि त्या प्रचाराने भीतीचा आधार घेतला. भिंती-भिंतींवर कवट्या रंगल्या. 'एड्स म्हणजे मृत्यू' हे शाळकरी पोरांनाही पाठ झाले. १९९८ मध्ये महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था स्थापन झाली. पोवाडा, भारूड, गोंधळ, पथनाट्य घेऊन कलापथके गावोगाव फिरू लागली. त्या मंडळींनी मोठे काम केले, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. ज्या गोष्टी बापलेकांत बोलता येत नव्हत्या, त्या भारुडाच्या सोंगाने चावडीवर बोलून टाकल्या. पण जे गाणे केवळ 'जपा, जपा' म्हणते, ते ऐकणारा कुणापासून जपायचे ते शोधू लागतो. आमच्या वाडीला जपायला भाऊ सापडला. भय घालणारे गाणे आणि सोबत करणारे गाणे ही दोन वेगळी गाणी आहेत, हे कळायला आम्हाला वेळ लागला.

दुसऱ्या जातीचे गाणे दूर आफ्रिकेत तेव्हाच सुरू झाले होते. युगांडाचा लोकप्रिय गायक फिली लुताया याने १९८९ साली जाहीर सांगितले की मला एड्स आहे. प्रसिद्धीसाठी खोटे बोलतो, असे म्हणणारेही निघाले! तो मात्र शाळांतून, चर्चमधून फिरत राहिला, आपले एकटेपण गात राहिला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात वारला. त्याचे मोठेपण असे की त्याने रोगाविषयी गाणे केले नाही, रोगी म्हणून गाणे केले. ऐकणाऱ्याला प्रथमच त्या आजाराला चेहरा आणि गळा मिळाला.

महाराष्ट्रात ते धैर्य मुलांनी दाखवले. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या हासेगावी २००७ साली रवी बापटले यांनी 'सेवालय' सुरू केले. आईबापांकडून जन्मतःच हा विषाणू आलेली, अनाथ झालेली आणि नातेवाइकांनी टाकलेली लेकरे तिथे राहू लागली. गावाचा विरोध झाला. २००९ मध्ये या मुलांना शाळेत घेतले, तेव्हा इतर पालक आपली मुले पाठवीनात, आणि ती बातमी देशभर गाजली. मास्तर म्हणून ती वाचताना मला देवळाच्या कोनाड्यातली वाटी दिसत होती. तीच गोष्ट पुन्हा घडत होती. फक्त या वेळी सरकणारे आईबाप होते आणि एकटी पडलेली माणसे पाटी-दप्तराच्या वयाची होती.

त्याच मुलांचा पुढे वाद्यवृंद झाला. नाव 'हॅपी म्युझिक शो'. मुले मोठी झाल्यावर त्यांच्यासाठी जी वसाहत उभी राहिली, तिचे नाव 'हॅपी इंडियन व्हिलेज'. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून पाहा : एच, आय, व्ही. ज्या तीन अक्षरांनी त्यांना घराबाहेर काढले, त्याच अक्षरांची त्यांनी घराच्या दारावर पाटी लावली. ही मुले महाराष्ट्रातल्या गावागावांत जाऊन गातात, नाचतात. समोर बसलेल्या माणसाला व्याख्यान ऐकावे लागत नाही. आजाराने खंगलेले शरीर बघायच्या तयारीने तो आलेला असतो आणि दिसतो ताल धरून नाचणारा धडधाकट पोर. त्याच्या मनातली कवटी तिथेच पुसली जाते.

केवळ गाण्याने हे झाले, असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. १ एप्रिल २००४ पासून सरकारने या आजारावरची औषधे मोफत देण्यास सुरुवात केली, आणि महाराष्ट्र पहिल्या सहा राज्यांत होता. ती औषधे नित्यनेमाने घेणारा माणूस आज संसार करतो, शेत पिकवतो, म्हातारा होतो. रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे दबला, तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही. वेळीच औषध घेतल्यास आईपासून बाळाला होणारी लागण बहुतांशी टळते. एका ताटात जेवल्याने, एका वाटीतली कणीक मळल्याने तो तेव्हाही जात नव्हता. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शाळा, नोकरी, दवाखाना, घर यांपैकी कुठेही या कारणावरून भेदभाव करण्यास त्याने मनाई केली, आणि कुणाच्या संमतीवाचून त्याचा आजार उघड करण्यासही. वाडीचे नाव मी का सांगितले नाही, ते आता ध्यानात आले असेल. भाऊ गेला तरी त्याची माणसे आहेत.

औषध रक्तातल्या विषाणूला आवरते आणि कायदा शाळेचे दार उघडतो. पण शेजारी येऊन बसायला कायदा कुणाला भाग पाडू शकत नाही. ते काम गाण्याचे, कारण दूर बसून ताल धरता येत नाही. टाळकऱ्याला मृदंग्याच्या हाताकडे पाहावे लागते आणि मृदंग्याला टाळकऱ्याच्या पावलाकडे. भाऊ गेल्यावर आमच्या भजनातला ठेका कित्येक दिवस ढळत होता. लोक म्हणत, नवा मृदंग्या कच्चा आहे. मला वाटे, आम्हीच एकमेकांपासून दूर बसू लागलो होतो.

भाऊ २००१ मध्ये गेला, मोफत औषध २००४ मध्ये आले. ही तीन वर्षे कुणाच्या हातात नव्हती. पण त्याचे जे शेवटचे दीड वर्ष गेले, ते आमच्या हातात होते. इतिहासात 'असे झाले असते तर' म्हणायचे नसते, हे मीच पोरांना शिकवतो.

असो. यंदाच्या काकड्याला मृदंगाची कणीक आमच्या घरून जाते आहे. वाजवणारा विशीतला एक मुलगा आहे. तो पहाटे दाराशी येऊन हाक मारतो, "काकू, कणीक झाली का?" वाटी नेतो आणि उजाडता उजाडता परत आणून देतो. माझी बायको ती धुऊन इतर वाट्यांत ठेवून देते. तिला त्यात काहीच विशेष वाटत नाही. मी मात्र ती फडताळात गेलेली पाहिल्यावाचून चहाला बसत नाही.