रंगाऱ्याची विद्या आणि बडोद्याचे कलाभवन

गावगाड्याचे वर्णन करणारे आपले ग्रंथकार बारा बलुतेदारांची नावे मोठ्या चोखपणे नोंदवितात. सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी अशी ती मालिका आपण शाळेत घोकलेली असते. परंतु ज्यांच्यावाचून कुणब्याच्या घरी लग्नातले लुगडे आले नसते आणि सरदाराच्या जामदारखान्यात शेला चढला नसता, त्या कारागिरांना या मालिकेत जागा नाही. साळ्याचे नाव अलुत्यांच्या काही याद्यांत आढळते. रंगारी तर बलुत्यांच्या बाहेरच. खळ्यावरच्या धान्यात त्याचा वाटा नव्हता. त्याचे पोट पेठेवर, बाजाराच्या दिवसावर आणि रोख पैशावर चाले, व त्याच्या धंद्यावर सरकार मोहतर्फा नावाचा कर घेई. ज्याचे वतन जमिनीत नाही त्याचे वतन त्याच्या हातात असते, आणि असे वतन चोरीस जाण्याचे भय नेहमीच मोठे असते. आपल्या जुन्या कारागिरांनी विद्या लपवून ठेवली म्हणून त्यांना संकुचित ठरविण्याचा जो प्रघात सुशिक्षितांत पडला आहे, त्याच्या मुळाशी ही साधी हिशेबाची गोष्ट ध्यानात न घेणे हेच कारण आहे, असे मला वाटते.

ही विद्या शिकविण्याची रीतही घरगुतीच होती. निळीच्या रांजणात हात घालणारा निळारी सहसा तांबड्या रंगाच्या वाटेस जात नसे. कापडावर ठसे उमटविणारे भावसार व छिपी यांचे घराणे वेगळे. आणि जरीच्या कामात तर कामाचे इतके तुकडे पडलेले, की चांदीची कांब ओढून तार काढणारा एक, ती तार ऐरणीवर ठोकून चापट करणारा चपड्या दुसरा, व ती चापट तार रेशमाच्या धाग्यावर वळून कलाबतू करणारा तिसरा. मुलगा ज्या घरात जन्मला त्या घरचा तुकडा तेवढा त्याच्या वाट्याला येई, आणि तो त्याला कोणी मुद्दाम शिकवीत नसे. पोर रांजणाजवळ वाढे. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुना, गूळ, टाकळ्याचे बी यांच्या योगाने तिला आंबवावे लागते, आणि ती नीट आंबली की नाही हे फेसाच्या झाकीवरून, वासावरून, कित्येकदा जिभेवर थेंब ठेवून ठरवावे लागते. पाण्यातून वर काढलेले हिरवट पिवळे कापड वारा लागताच डोळ्यांदेखत निळे होई, हे दृश्य त्या पोराच्या दृष्टीने इतके नित्याचे होते, की त्याविषयी प्रश्न विचारण्याचे त्याला कारणच पडत नसे.

तांबड्याची कथा याहून लांब. खानदेश, वऱ्हाड व निमाड या मुलखांत आल नावाचे झुडूप मुद्दाम लावीत; त्याची मुळे खणण्याजोगी व्हायला तीनएक वर्षे जात, आणि त्यांतही बोटाएवढ्या जाड मुळांपेक्षा सुतळीसारख्या बारीक मुळांना अधिक भाव मिळे. कापड प्रथम तेलात व खारात मुरवायचे, मग हिरड्याच्या काढ्यातून काढायचे, मग तुरटीच्या पाण्यात, व अखेर मुळांच्या कुटाबरोबर मंद आचेवर उकळायचे; मधूनमधून धुणे, वाळवणे आणि पुन्हा बुडवणे. तुरटीवाचून रंग धाग्याला धरत नाही, आणि तुरटीऐवजी लोखंडाचे पाणी घातले तर तोच तांबडा काळसर होतो, एवढे रंगाऱ्यास पक्के ठाऊक होते; असे का होते हे मात्र त्यास ठाऊक नव्हते. कुसुंब्याचीही तीच गोष्ट. करडईच्या पाकळ्या पाण्यात मळून आधी त्यांतला पिवळा रंग धुऊन टाकायचा, मग खार घालून तांबडा सोडवायचा, आणि लिंबाच्या आंबटाने तो कापडावर बसवायचा. उन्हात उडून जाणारा हा गुलाबी रंग फेटे-पागोट्यांसाठी लोक पुनःपुन्हा चढवून घेत, व रंगाऱ्याची चूल त्या नाजूकपणावरच पेटे.

या चुलीवर पाणी ओतले ते युरोपातील प्रयोगशाळांनी. १८५६ साली पर्किन नावाच्या एका तरुण इंग्रजाने कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला. त्यानंतर तेरा वर्षांच्या आत जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतील मूळ तांबडे रंगद्रव्य कृत्रिम रीतीने सिद्ध केले. आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. आलीच्या शेतांचे पुढे काय झाले हे सांगण्याची गरज नाही. रंगाऱ्यास प्रथम ही कृत्रिम रंगाची पुडी म्हणजे वरदानच वाटली असणार, कारण कित्येक दिवसांचे काम तीत एका दुपारी उरके. परंतु पुडी घेणारा जसा तो होता तसा उद्या कोणीही होऊ शकत होता. पिढ्यानुपिढ्या राखलेले त्याचे वतन कोणी लुटून नेले नाही. त्याची किंमत तेवढी उतरली.

अशा वेळी बडोद्यास सयाजीराव गायकवाडांचा अंमल सुरू झालेला होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून १८७५ साली दत्तक आलेल्या या राजाने १८८१ मध्ये मुखत्यारी हाती घेतल्यावर जी अनेक खाती नव्याने उभी केली, त्यांत १८९० चे कलाभवन हे माझ्या मते सर्वांत धाडसाचे होते. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे. सुताराच्या जातीत जन्मलेले, वडील शिल्पशास्त्राचे जाणकार, आणि स्वतः बडोद्याच्या कॉलेजात रसायनाचे अध्यापक. रंगकाम, छपाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम व चित्रकला हे विषय तेथे देशी भाषेतून शिकविले जावेत, असा गज्जरांचा आग्रह होता. त्यासाठी ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ नावाने पाठ्यपुस्तकांची माला योजण्यात आली, ‘रंगरहस्य’ नावाचे त्रैमासिक निघाले, आणि रंगशास्त्र शिकविण्यास जर्मन रसायनज्ञही आणविण्यात आले. दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकले हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु संस्थेचे हृदय चित्रशाळेत नव्हते, रंगशाळेत होते.

गज्जरांचे नाव मराठी माणसाच्या कानावर निराळ्याच प्रसंगाने पडायला हवे होते. १८९६ साली चाफेकर बंधूंनी मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यास डांबर फासले. तो डाग काढण्यासाठी झालेले अनेक उपाय फुकट गेले, आणि अखेर तो नाहीसा केला तो गज्जरांनी. त्याच सुमारास ते बडोदे सोडून मुंबईस आले होते. ज्या डांबरातून युरोपने रंग काढले त्याच डांबराचा डाग देशी रंगशास्त्रज्ञाने पुसावा, हा योगायोग चाफेकरांच्या चिंचवडकरांस आवडण्याजोगा नाही, तरी इतिहासाने तो घडविला खरा.

आता निकालाची गोष्ट. कलाभवनात तयार झालेली माणसे कोठे गेली? मुख्यतः गिरण्यांत. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना रंगखाते चालविणारी माणसे पाहिजेच होती, आणि शिकलेल्या तरुणास पेठेतल्या रांजणापेक्षा गिरणीचा पगार बरा वाटला यात त्याचा दोष नाही. विणकामाकडेही हेच घडत गेले. अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चिल नावाच्या मिशनऱ्याने साळ्यांसाठी सुधारलेला हातमाग तयार केला, तो गरिबाचा माग वेगवान व्हावा या हेतूने. पण १९०४ साली इचलकरंजीस विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढील वाट कोणती हे तेथे ठरून गेले. कलाभवनाने विद्येवरचा जातीचा पहारा उठविला, हे त्याचे ऋण कधीही विसरता येणार नाही. परंतु तेथे जे शिकविले गेले ते मुख्यतः पुडीचे शास्त्र होते. निळारी जे नाकाने ओळखे आणि आलीचा रंगारी जे बोटांनी जाणे, त्याला कोणत्या रसायनाचा आधार आहे हे त्याच्याच भाषेत त्यास समजावून सांगण्याचे काम मागे पडले.

ते काम सर्वस्वी कोणीच केले नाही असेही नाही. मुंबई इलाख्यातील देशी रंग व रंगकाम यांवर एक सविस्तर वृत्तान्त १८९६ मध्येच प्रसिद्ध झाला. तो लिहिला फॉसेट नावाच्या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याने, आणि अर्थातच इंग्रजीत. पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झालेल्या आणि इंग्रजांच्या वखारींच्या इतिहासाचे खंड संपादणाऱ्या या गृहस्थाने ज्या रंगाऱ्यांना विचारून तो लिहिला असेल, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना तो वाचता आला असेल. ज्या साली गज्जर बडोद्यातून निघाले त्याच साली रंगाऱ्याची विद्या पुस्तकात गेली, पण त्याच्या स्वतःच्या घरी ती परत आली नाही.

कलाभवन १९४९ साली स्थापन झालेल्या महाराज सयाजीराव विश्वविद्यालयात विलीन होऊन त्याची अभियांत्रिकी शाखा झाले. येवल्याच्या, पैठणच्या, पुण्याच्या जुन्या पेठांतील रंगाऱ्यांच्या घरांतून मात्र अजून मोडी वळणाच्या हिशेबवह्या माळ्यावर पडलेल्या असतील. तुरटी, हिरडा, पापडखार यांच्या शेर-छटाकांचे आकडे त्यांत नुसते जमाखर्च म्हणून मांडलेले असले तरी जाणत्यास त्यांतून रंगाचे प्रमाण काढता येते. अशी वही ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी एखाद्या इतिहास संशोधन मंडळाच्या दफ्तरात नेऊन द्यावी, एवढी विनंती.