सातव्या महिन्याआधीचं जेवण

सोलापूरची जुनी मिल 1877 सालची. एकेकाळी भोंग्यावर उठणाऱ्या या गावाला गिरणीतल्या बायांचे कष्ट वेगळे सांगायला नकोत. अशाच बायांच्या ताटाने वैद्यकशास्त्राला एक धडा दिला, तो मुंबईत.

1928 मध्ये लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. तिथल्या कापड गिरण्यांतल्या गरोदर बायांना जीवघेणा पांडुरोग होत होता. विल्सबाईंनी त्यांचा आहार तपासला. गरिबाघरच्या जेवणात भाज्या-फळं फारच कमी होती. यीस्टचा अर्क, म्हणजे दुकानात मिळणारं मार्माइट, दिल्यावर बाया सुधारल्या. 1931 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्यामागचं जीवनसत्त्व 1941 मध्ये पालकाच्या पानांतून मिळालं. लॅटिनमध्ये पान म्हणजे ‘फोलियम’, म्हणून ते फॉलिक आम्ल.

मेथी, हरभरा, चवळी, शेंगदाणे यांत ते असतं. आपली भाकरी, पालेभाजी आणि शेंगाची चटणी म्हणूनच मोलाची. भाजी शिजवलेलं पाणी तेवढं फेकू नये.

डोहाळजेवण मात्र आपण करतो सातव्या महिन्यात. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत घातला जातो. अनेकींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून डॉक्टर फॉलिक आम्लाची गोळी मूल हवं असं ठरल्यापासूनच घ्यायला सांगतात. आणि सगळ्यांची पानं उठल्यावर जेवणाऱ्या सुनेसाठी पातेल्यात भाजी उरते का, हे घरातल्यांनी रोज पाहावं.