गॅमा किरण स्फोट : प्रकाशीय वेध व स्वयंचलित दूरदर्शक

गॅमा किरण स्फोट : अवकाशातील कोणत्याही दिशेकडून अकस्मात येणाऱ्या आणि सेकंदाच्या अल्पांशापासून काही मिनिटांपर्यंत टिकणाऱ्या गॅमा किरणांच्या लोटास ही संज्ञा देतात. सु. दोन सेकंदांहून अधिक काळ टिकणारे बहुतेक स्फोट प्रचंड वस्तुमानाचा तारा कोसळताना होतात, तर त्याहून अल्पजीवी स्फोटांपैकी पुष्कळ दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून उद्‌भवतात. गॅमा किरण विझल्यानंतर त्याच ठिकाणी क्ष-किरण, दृश्य प्रकाश व रेडिओ तरंग यांची मंदावत जाणारी दीप्ती दिसते. तिला अनुदीप्ती म्हणतात. अनुदीप्तीचा प्रकाश पहिल्या काही मिनिटांत सर्वांत प्रखर असतो व त्यातच सर्वाधिक माहिती साठविलेली असते. ही मिनिटे हाती लागावीत म्हणून झालेल्या खटपटीचा इतिहास येथे दिला आहे.

स्फोटांचा शोध अपघाताने लागला. अणुचाचणीबंदीच्या १९६३ च्या कराराचे पालन होते की नाही, हे पाहण्यासाठी अमेरिकेने व्हेला नावाचे उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक झोत नोंदला. परंतु तो अणुस्फोटासारखा नव्हता. रे क्लेबेसाडेल, इयन स्ट्राँग व रॉय ओल्सन यांनी अशा सोळा स्फोटांचे वृत्त १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन उपग्रहावरील ‘बॅट्से’ या उपकरणाने नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदले व ते आकाशात सर्वत्र सारखे विखुरलेले आहेत, असे दाखविले. तरीही ते आपल्या आकाशगंगेच्या परिसरातील की अतिदूरच्या दीर्घिकांमधील, हा वाद मिटेना. कारण उघड होते. गॅमा किरण भिंगाने वा आरशाने सहजी एकवटता येत नाहीत. त्यामुळे स्फोटाचे स्थान कित्येक अंशांच्या चुकीने कळे, आणि तेवढ्या आकाशात अंधुक तारे लाखोंनी असतात.

हा तिढा २८ फेब्रुवारी १९९७ रोजी सुटू लागला. इटली व नेदर्लंड्स यांच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने त्या दिवशीच्या स्फोटाची क्ष-किरण अनुदीप्ती पकडून स्थान बरेच अचूक कळविले. यान व्हान पाराडाइस व त्यांच्या सहकाऱ्यांना ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दूरदर्शकाने त्या स्थानी मंदावत जाणारा प्रकाश सापडला. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील दुसऱ्या स्फोटाची ताम्रच्युती किमान ०.८३५ असल्याचे केक दूरदर्शकाने दाखविले आणि स्फोट अतिदूरचे आहेत, हे निश्चित झाले. मात्र फेब्रुवारीतील पहिला वेध स्फोटानंतर सु. वीस तासांनी घेतलेला होता. मोठ्या दूरदर्शकाच्या रात्री महिनोन्‌महिने आधी वाटून दिलेल्या असतात. निरीक्षकाला उठवणे, कार्यक्रम मोडणे, दूरदर्शक वळवणे यांत तास जातात. स्फोट तेवढा थांबत नाही.

यावर उपाय आला तो लहान उपकरणांकडून. मिशिगन विद्यापीठाचे कार्ल ॲकरलॉफ व त्यांचे सहकारी यांनी लॉस ॲलॅमॉस येथे ‘रोट्से-१’ ही योजना उभारली. तीत छायाचित्रकार वापरतात तशी चार टेलिफोटो भिंगे एका फिरत्या बैठकीवर बसविलेली होती. उपग्रहाचा संदेश अमेरिकेतील गॉडर्ड केंद्राच्या सूचनाजाळ्यातून थेट संगणकाकडे येई आणि माणसाचा हात न लागता बैठक त्या दिशेला वळे. असे आपणहून संदेश घेऊन, छप्पर उघडून व हवामान पारखून वेध घेणारे दूरदर्शक ते स्वयंचलित वा यंत्रमानवी दूरदर्शक होत. २३ जानेवारी १९९९ रोजी पहाटे पावणेतीनच्या सुमारास (तेथील वेळेनुसार) स्फोट झाला आणि बावीस सेकंदांत रोट्सेचे पहिले छायाचित्र तयार होते. त्यात ठिपका ११.७ प्रतीचा होता. (प्रतीचा अंक जितका लहान तितकी तेजस्विता अधिक, नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात.) पंचवीस सेकंदांनंतर तो ८.९ प्रतीचा झाला, म्हणजे साध्या दुर्बिणीतूनही दिसला असता. दहा मिनिटांत मात्र १४ व्या प्रतीच्याही खाली घसरला. याची ताम्रच्युती सु. १.६ असल्याने तो प्रकाश ९०० कोटी वर्षांहून अधिक काळ प्रवास करून आला होता. स्फोटातून सुटलेला झोत भोवतालच्या द्रव्यावर आदळला की एक आघात-तरंग उलट झोतातच शिरतो व क्षणभर प्रकाश देतो, हे सैद्धांतिक अनुमान या वेधाने पुष्ट झाले.

त्या क्षणी भारतात दुपारचे ३ वाजून १७ मिनिटे झाली होती. नैनितालच्या वेधशाळेतील १०४ सेंमी. दूरदर्शकाने पुढे या स्फोटाच्या अनुदीप्तीचे वेध घेतले व ते भारतातील अशा कार्याच्या आरंभाचे वेध ठरले. परंतु मुख्य प्रखर क्षण भरदिवसा निघून गेला होता. दूरदर्शक कितीही चपळ असला तरी तो योग्य रेखांशावर, रात्रीच्या बाजूला असावा लागतो. पुढच्या सर्व योजनांमागे हा साधा भौगोलिक विचार आहे.

स्विफ्ट उपग्रह नोव्हेंबर २००४ मध्ये सुटला व स्फोटांची स्थाने काही सेकंदांत पृथ्वीवर मिळू लागली. १९ मार्च २००८ रोजी चिलीतील पोलिश शास्त्रज्ञांच्या ‘पाय ऑफ द स्काय’ या स्वयंचलित कॅमेऱ्याने एका स्फोटाचा प्रकाश ५.३ प्रतीपर्यंत चढलेला टिपला. अर्ध्या तासापूर्वी जवळच दुसरा स्फोट झाला असल्याने अनेक दूरदर्शक आधीच त्या भागाकडे वळलेले होते. योगायोगाचाही विज्ञानात वाटा असतो. सु. ७५० कोटी वर्षांपूर्वी निघालेला तो प्रकाश अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसला असता. भारतात तेव्हा दुपारचे पावणेबारा वाजत होते.

ला पाल्मावरील दोन मीटर व्यासाचा लिव्हरपूल दूरदर्शक पूर्णपणे स्वयंचलित आहे. त्यावरील ध्रुवणमापकाने २ जानेवारी २००९ च्या स्फोटाच्या प्रारंभिक प्रकाशात सु. १० टक्के, तर ८ मार्च २०१२ च्या स्फोटात सु. २८ टक्के ध्रुवण आढळले. एवढे ध्रुवण झोतातील चुंबकीय क्षेत्र सुसंघटित असल्याशिवाय शक्य नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष हे की, ज्या ब्रिटिश कारखान्याने हा दूरदर्शक बनविला त्याच कारखान्याचा दोन मीटर व्यासाचा दुसरा दूरदर्शक पुण्याच्या आयुका या संस्थेने पुणे शहराच्या उत्तरेस सु. ८० किमी.वर गिरवली येथे २००६ मध्ये कार्यान्वित केला. भावंडे एकाच घरची असली, तरी हवामान निरनिराळे. गिरवलीस नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात वेध घेता येत नाहीत.

पावसाळ्याचा अडसर रेडिओ तरंगांना नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर, संगमनेर व अकोले या तालुक्यांना भिडलेल्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या तीस अँटेनांचा महाकाय मीटर-तरंग रेडिओ दूरदर्शक आहे. २९ मार्च २००३ च्या प्रसिद्ध स्फोटाची रेडिओ अनुदीप्ती त्याने सु. तीन वर्षे पाहिली. दृश्य प्रकाश मिनिटांत, रेडिओ वर्षांत, असा हा विलक्षण भेद आहे.

स्फोट टिपणारे भारतीय उपकरण सप्टेंबर २०१५ मध्ये ॲस्ट्रोसॅट उपग्रहाबरोबर अवकाशात गेले. कॅडमियम-झिंक-टेल्युराइड शोधकांचे हे उपकरण मुख्यतः मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभारले गेले व त्याच्या कार्यात आयुकाचाही मोठा वाटा आहे. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, कामाच्या पहिल्याच दिवशी त्याने एक स्फोट नोंदला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही संख्या ६०० झाली. त्याची खरी कसोटी जानेवारी २०१७ मध्ये लागली. ४ जानेवारीस गुरुत्वीय तरंगांचा संकेत मिळाला व पाठोपाठ हवाईतील ‘ॲटलस’ या स्वयंचलित योजनेस त्याच दिशेने झपाट्याने मंदावणारा प्रकाशबिंदू दिसला. दोन कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश निघाला, असे ठरले असते तर ती मोठीच खळबळ झाली असती. परंतु वरुण भालेराव व त्यांच्या सहकाऱ्यांना ॲस्ट्रोसॅटच्या नोंदींत ५ जानेवारीचा एक स्वतंत्र गॅमा किरण स्फोट सापडला, आणि तो प्रकाशबिंदू त्याचीच अनुदीप्ती असल्याचे दिसून आले. यंत्राने बिंदू शोधला; त्याचा अर्थ मात्र नोंदी चाळणाऱ्यांनाच लावावा लागला.

पूर्वेस ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग (१४९° पूर्व) व पश्चिमेस ला पाल्मा (१८° पश्चिम) यांच्यामधील विस्तीर्ण पट्ट्याच्या मध्याजवळ लडाखमधील हानले (७९° पूर्व) येते. तेथे ४,५०० मी. उंचीवर, पर्जन्यछायेच्या कोरड्या आकाशाखाली, मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगळुरूची भारतीय खभौतिकी संस्था यांनी ७० सेंमी. व्यासाचा ‘ग्रोथ-इंडिया’ हा देशातील पहिला पूर्ण स्वयंचलित प्रकाशीय संशोधन दूरदर्शक उभारला. भालेराव व जी. सी. अनुपमा यांच्या नेतृत्वाखालील या दूरदर्शकाने जून २०१८ मध्ये पहिला वेध घेतला. आरसा बेताचा असला, तरी सु. ०.७ अंश रुंदीचा आकाशभाग तो एका छायाचित्रात घेतो व स्थान पुरेसे निश्चित नसेल, तर जवळचे भाग क्रमाने तपासतो.

या दूरदर्शकाची उपयुक्तता केवळ त्वरेत नाही. ४ फेब्रुवारी २०२१ च्या स्फोटाची अनुदीप्ती महिनाभर पाहताना, स्फोटानंतर सु. ९ व सु. १३ दिवसांनी ती पुन्हा उजळल्याचे आढळले. अनुदीप्तीत इतक्या उशिरा उजळणे तोवर नोंदले गेले नव्हते. मोठ्या वेधशाळेत एकाच अंधुक बिंदूसाठी इतक्या रात्री मिळणे दुरापास्त असते.

९ ऑक्टोबर २०२२ रोजी मानवाने नोंदलेल्यांपैकी सर्वांत तेजस्वी स्फोटाचे गॅमा किरण पृथ्वीवर पोहोचले, तेव्हा भारतात सायंकाळचे ६ वाजून ४७ मिनिटे झाली होती व अंधार पडत होता. फेर्मी उपग्रहाने तो लगेच नोंदला. स्विफ्टला मात्र तो सु. ५३ मिनिटांनंतर दिसला आणि आकाशगंगेच्या पट्ट्यालगत असल्यामुळे आधी आपल्याच आकाशगंगेतील क्ष-किरण उद्गम समजला गेला. दोन्ही नोंदी एकाच घटनेच्या आहेत, हे काही तासांनी कळले. ताम्रच्युती अवघी ०.१५१, प्रकाश सु. २०० कोटी वर्षांपूर्वीचा. हानलेच्या दूरदर्शकाने त्याच्या अनुदीप्तीचे वेध घेतले. परंतु आकाशगंगेतील धुळीने तिचा दृश्य प्रकाश बराच शोषून घेतल्याने गॅमा किरणांत अद्वितीय ठरलेला हा स्फोट दृश्य प्रकाशात मात्र १९९९ च्या स्फोटाइतका झळकला नाही.